जिथे गाठ, तेवढ्यापुरताच उपचार

जालन्यात मस्तगड भागात माझा दवाखाना आहे. साठी ओलांडलेले काका, आजोबा रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, अशी तक्रार घेऊन येतात. बहुतेकांची प्रोस्टेट ग्रंथी वयोमानाने वाढलेली असते. तो कर्करोग नव्हे. काहींची पीएसए ही रक्ततपासणी मात्र जास्त येते, एमआरआयमध्ये डाग दिसतो आणि सुईने काढलेल्या तुकड्यात कर्करोग निघतो. घरची मंडळी लगेच म्हणतात, "साहेब, काढूनच टाका."

पण घाई कशाला? ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासात १,६४३ पुरुषांचे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित देखरेख असे तीन गट केले होते. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले. तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावणारे शंभरात तीनच्या आसपास होते. देखरेखीच्या गटात रोग दूर पसरण्याचे प्रमाण मात्र दुपटीच्या जवळ होते. उलट, पूर्ण ग्रंथी काढल्यावर लघवी गळणे आणि लैंगिक दुर्बलता हे त्रास अनेकांच्या वाट्याला येतात. पुरुष त्याबद्दल बोलत नाहीत, आतल्या आत कुढतात.

या दोन टोकांमधला मार्ग म्हणजे फोकल थेरपी. तीव्र ध्वनिलहरींच्या उष्णतेने किंवा अतिशीत सुईने फक्त गाठीचा भाग नष्ट करायचा आणि बाकीची ग्रंथी राखायची. ब्रिटनमधील ६२५ रुग्णांच्या २०१८ च्या अहवालानुसार ध्वनिलहरींच्या उपचारानंतर पाच वर्षांनी सुमारे ८८ टक्के जणांना पूर्ण ग्रंथीवरचा वा शरीरभराचा उपचार लागला नव्हता, की रोग पसरला नव्हता. ९८ टक्के जणांना लघवीसाठी पॅड लागत नव्हते. १,३७९ रुग्णांच्या २०२२ च्या अहवालात सात वर्षांनंतर असे यश सुमारे ६९ टक्के होते.

म्हणजे काळ जातो तसे काहींना पुन्हा उपचार लागतात. कारण हा रोग ग्रंथीत अनेकदा एकाहून अधिक जागी असतो. शिवाय हे आकडे निवडक रुग्णांचे आहेत. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसणारी, ग्रंथीबाहेर न गेलेली, मध्यम जोखमीची गाठ असेल, तरच हा उपचार शोभतो. अगदी सौम्य रोगाला बहुधा देखरेखच पुरते.

ग्रंथी राखली की पहारा आलाच. पीएसए, एमआरआय, गरज पडल्यास पुन्हा तुकडा, हे वर्षानुवर्षे चालते. पेरणी आहे, काढणी आहे, लग्नसराई आहे म्हणून तपासणी चुकवणाऱ्याने हा मार्ग धरू नये.

तेव्हा डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. रोगाची जोखीम किती? माझ्यासाठी देखरेख पुरेल का? तुम्ही असे किती रुग्ण हाताळलेत? रोग परतला तर पुढे काय? उत्तरे ऐकताना पत्नीला सोबत बसवा. निर्णय दोघांच्या संसाराचा आहे.