समुद्रातली पेरणी

सुरुंग म्हटला की आम्हा कर्जत-खालापूरकडच्या माणसांना आधी बोरघाट आठवतो. डोंगर फोडून पंचवीस बोगदे पाडले, तेव्हा कुठे १८६३ साली त्या घाटातून आगगाडी धावली. पण डोंगरात सुरुंग उडवणारा निदान आधी ओरडतो, माणसे बाजूला होतात. समुद्रातल्या सुरुंगाला ती रीत नाही.

हा सुरुंग म्हणजे स्फोटक दारूने भरलेला लोखंडी गोळा. तळाशी नांगर, नांगराला तार, आणि तारेच्या टोकाला पाण्याखाली दडून राहिलेला गोळा. त्याला शिशाची शिंगे असतात. जहाजाच्या धक्क्याने शिंग वाकले की आतली काचेची नळी फुटते, तेजाब सांडते, वीज निर्माण होते. संपले! दुसऱ्या महायुद्धात रशियाची 'एल-३' ही पाणबुडी असले वीस सुरुंग पोटात घेऊन बाल्टिक समुद्रात जाई आणि शत्रूच्या वाटेवर पेरून येई.

तुम्ही म्हणाल, कुठे बाल्टिक आणि कुठे आपण! पण ही पेरणी आपल्या दारातही झाली आहे बरं का. पाणबुडीने नव्हे, सोंग घेतलेल्या जहाजाने.

जर्मनीचे 'वोल्फ' ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कील बंदरातून निघाले. वरून साधी मालवाहू बोट, पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग. कप्तान कार्ल नेर्गर. फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने कोलंबोपुढे आणि मग मुंबईपुढे सुरुंग टाकले, आणि तो निघून गेला.

चार महिने गेले. २३ जून. आमच्याकडे राबात भाताचे रोप वर येण्याचे दिवस, समुद्र खवळलेला. पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' ही उतारू बोट मुंबईच्या दक्षिणेस सुमारे पन्नास सागरी मैलांवर, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर, सुरुंगावर आदळून बुडाली. २३ माणसे गेली. ज्याने पेरले तो त्या दिवशी न्यूझीलंडकडच्या समुद्रात होता! पुढे महिनाभराने 'ओखला' बोट गेली.

१९०७ च्या हेग कराराने, केवळ व्यापारी जहाजे अडवण्यासाठी शत्रूच्या किनाऱ्यापुढे सुरुंग टाकू नयेत, असे ठरवले होते. जर्मनीने नेमके तेच कलम मान्य केले नव्हते. वर्गात हे सांगताना मी पूर्वी जर्मनीवर तुटून पडत असे. हल्ली 'केवळ' या शब्दावर अडखळतो. मी केवळ यासाठीच टाकले, असे कोणता कप्तान कबूल करील?

'वोल्फ' ४५१ दिवसांनी, वाटेत एकाही बंदराला न लागता, सुखरूप कीलला परतले.