गिरडची टेकडी: दगडातली गोष्ट

भटकंती म्हटली की आपल्याला सह्याद्रीच आठवतो. आज मात्र वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकडीवर जाऊया.

टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. इथं हिंदू-मुसलमान दोघंही नवसाला येतात. वाट चढताना पायाखाली बघा. सुपारीएवढे, लिंबाएवढे गोलसर दगड विखुरलेले दिसतील. एका व्यापाऱ्यानं फरीदबाबांची थट्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले, अशी आख्यायिका आहे.

भूशास्त्र काय सांगतं? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढं त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचली. भोवतालचा काळा पाषाण झिजला आणि आतले गोळे मोकळे झाले.

सोबत गावातला जाणता माणूस घ्या. आख्यायिका त्याच्याच तोंडून ऐकावी. थंडीत, सकाळी लवकर निघा, पाणी जवळ ठेवा. दगड हातात घ्या, निरखा, पण परत जागेवर ठेवा. परतताना पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात थोडं थांबा.