गाणी विकायची की राखायची?

आमच्या गटातल्या एकीला तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं दहा गाण्यांचे १० हजार रोख देऊ केले. त्याच आठवड्यात मुंबईच्या कंपनीनं तीच गाणी ऐकायला मागवली, पैशाचा शब्द नाही. लेकीची फी तोंडावर आलेली. आम्ही रोखीकडेच झुकलो होतो, खोटं कशाला बोला! पण स्टुडिओचा कागद वाचला तर ‘सर्व हक्क कायमचे, रॉयल्टीसकट’. म्हणजे गाणं कितीही वाजो, तिला पुढं काही नाही. खरं तर २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला असा लिहून घेताच येत नाही. गाण्यावरचा हक्क हयातभर, वर ६० वर्षं वारसांना.

फी गटाच्या कर्जातून भरली. स्टुडिओला दोनच गाणी दिली, रॉयल्टीचं कलम घालून. कुरकुरला, पण सही केली. आठ मुंबईला गेलीत. उत्तर अजून नाही.