पत्त्याचा रकाना
(संस्थेच्या वार्षिक सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वार्षिक सभेत नव्या यंत्रसामग्रीविषयी आणि नव्या विभागांविषयी बोलण्याची प्रथा आहे. आपल्या अनुज्ञेने आज मी केसपेपरवरील एका लहानशा रकान्याविषयी बोलणार आहे. तो रकाना म्हणजे रुग्णाचा पत्ता.

२०२० च्या उन्हाळ्यात आपले कक्ष कोविडच्या रुग्णांनी भरून गेले होते. कोणत्या वस्तीतून रुग्ण अधिक येत आहेत, असे मी एका सायंकाळी नोंदणी कक्षात विचारले. कर्मचाऱ्यांनी केसपेपरांचा गठ्ठा पुढे ठेवला. कित्येकांवर पत्त्याच्या जागी केवळ ‘मुंबई’ एवढेच लिहिलेले होते. दोष त्यांचा नव्हता. तो रकाना आम्हा डॉक्टरांपैकी कोणी कधी वाचलाच नव्हता. मग त्यांनी तो काळजीपूर्वक का भरावा? रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आम्हांला ठाऊक होते, परंतु तो कोणत्या गल्लीतून आला आणि त्याच्या घरी आणखी किती माणसे एका खोलीत राहतात, हे ठाऊक नव्हते.

या शहराला साथीचा अनुभव नवा नाही. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएंझा आला. पावसाळ्यानंतरची दुसरी लाट अधिक भीषण ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वेळच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची समाजवार विभागणी जपून ठेवली. युरोपियनांमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ८.३, पारशी समाजात ९ आणि दप्तरात ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ असा ज्यांचा उल्लेख आहे, त्यांच्यात ६१.६ होते. शहर तेच, हवा तीच, रोगही तोच. मग सातपट अंतर कशामुळे पडले? अंधाऱ्या खोल्या, अपुरे अन्न आणि आजारपणातही चुकवता न येणारी मजुरी यांमुळे. संपूर्ण शहराचा एकच आकडा काढून ते दप्तर बंद केले असते, तर ही गोष्ट आज आपल्याला कळलीही नसती.

एकशे दोन वर्षांनी तोच धडा पुन्हा मिळाला. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, बृहन्मुंबई महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा-वडाळा, चेंबूर आणि दहिसर या परिसरांतील तीन प्रशासकीय विभागांत रक्ताचे ६,९३६ नमुने तपासले. शरीरात विषाणू येऊन गेल्याची खूण असलेली प्रतिपिंडे झोपडवस्तीत सुमारे ५७ टक्के, तर इतर भागांत सुमारे १६ टक्के लोकांत आढळली. त्या महिन्याच्या अखेरीस शहरात नोंदलेल्या बाधितांची संख्या एक लाखाच्या थोडी पुढे होती. प्रत्यक्ष संसर्ग त्याच्या कितीतरी पट पसरला होता, हे तीन विभागांतील त्या नमुन्यांनी दाखवून दिले. पुण्यातील पाच प्रभागांच्या अशाच पाहणीत सामायिक शौचालय वापरणाऱ्यांमध्ये संसर्ग अधिक दिसला. ‘घरीच थांबा, अंतर राखा’ हा उपदेश कोणाला पाळता येण्यासारखा होता आणि कोणाला नव्हता, याचे उत्तर त्या आकड्यांत आहे.

अशी माहिती हाती असली की उपायांची दिशा बदलते. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळल्यानंतर घरोघर तपासणी झाली, ताप तपासणीची शिबिरे भरली, सार्वजनिक शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण झाले आणि घरात वेगळी खोली नसलेल्यांसाठी विलगीकरणाची सोय करण्यात आली. वस्तीत दवाखाने चालवणारे डॉक्टर या कामात उतरले, कारण गल्ल्या आणि माणसे त्यांच्या परिचयाची होती.

मात्र साथीचा परिणाम केवळ बाधितांमध्ये मोजता येत नाही. २०१९ मध्ये भारतात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचू शकले नव्हते. म्हणून ‘कोण आले’ याइतकेच ‘कोण यायचे थांबले’ हेही पाहावे लागते. औषध अर्धवट सुटलेला क्षयरोगी, तपासणी चुकलेली गर्भवती, लस राहून गेलेले बालक यांना शोधायला जायचे, तर पत्ता हवा.

मृत्यूच्या नोंदीचेही तसेच आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मांडला. अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता आणि भारत सरकारने तो अंदाज अमान्य केला. त्या वादात मी शिरत नाही. परंतु प्रत्येक मृत्यूची कारणासह वेळेवर नोंद झाली असती, तर अंदाजावर वाद घालण्याची वेळच आली नसती. मृत्यूचे कारण नीट लिहिणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे, आणि गेलेल्या माणसाची ती शेवटची सेवा आहे.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. २०२० मध्ये बाधितांची घरे ओळखली गेली, तेव्हा काही कुटुंबांना शेजाऱ्यांनी वाळीत टाकल्यासारखे वागवले. म्हणून पत्ता मागणाऱ्या संस्थेने तो जपण्याचीही हमी दिली पाहिजे. अभ्यासासाठी वस्तीची माहिती पुरेशी असते. नाव रुग्णालयाच्या कपाटातच राहिले पाहिजे.

विश्वस्तांना माझी विनंती आहे, की नोंदणी विभागाला अतिदक्षता विभागाइतकेच महत्त्व द्यावे आणि गैरहजर रुग्णांच्या घरी जाणारे समाजसेवक नेमावेत. देणगीदारांनो, यंत्रावर आपल्या आप्तांच्या नावाची पाटी लागते, नोंदवहीवर लागत नाही, हे मी जाणतो. तरीही पुढची साथ येईल तेव्हा आपल्या रुग्णवाहिकेने प्रथम कोणत्या गल्लीत जावे, हे ती नोंदवहीच सांगणार आहे. आणि नातेवाईकहो, खिडकीपाशी कोणी चाळीचे नाव, गल्लीचा क्रमांक, घरातील माणसांची संख्या विचारली, तर कंटाळू नका. त्या उत्तरामुळे कदाचित आपल्याच शेजारच्या घरी वेळेवर मदत पोहोचेल.