अमेरिकेतील वणव्यांचा जमाखर्च



फाल्गुन-चैत्रात रात्रीच्या गाडीने घाट चढताना डोंगराच्या अंगावर आगीच्या माळा लागलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या असतील. त्या पाहून हळहळतो आणि खिडकी लावून घेतो. आज मात्र आम्ही आपल्याला दूर अमेरिकेत नेणार आहोत. कारण जळलेल्या रानाचा शंभर वर्षांचा हिशेब त्या देशाने लिहून ठेवला आहे, आणि तो हिशेब मोठा फसवा आहे.

आधी आकडे पाहू. 1930 साली अमेरिकेत सुमारे 5 कोटी 20 लाख एकर जमीन जळाल्याची नोंद झाली. 1960 साली हाच आकडा 45 लाखांच्या आसपास आला. पुढे तो पुन्हा चढू लागला, आणि 2015, 2017 व 2020 या तिन्ही वर्षी 1 कोटी एकराला जाऊन भिडला. आता कोणीही म्हणेल, पाच कोटींचा एक कोटी झाला, मग वणवे वाढल्याची ओरड कशासाठी? असे म्हणणारे तिकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले सगळेच अडाणी आहेत असेही नव्हे.

परंतु 1930 च्या त्या पाच कोटींत जळले काय? त्यातला फार मोठा वाटा दक्षिणेकडच्या मिसिसिपी, जॉर्जिया, फ्लॉरिडा अशा राज्यांतला होता. तिथला शेतकरी हिवाळ्याच्या अखेरीस पाइनच्या रानातले वाळके गवत दरसाल पेटवून देई. गुरांना कोवळा चारा मिळावा आणि विंचूकाट्याचा उपद्रव कमी व्हावा, हा त्याचा हेतू. आग गुडघाभर उंचीची. झाडे उभीच्या उभी राहत. सरकारी कारकुनाने ही सारी जमीन ‘जळीत’ या सदरात टाकली, आणि जिथे पहारा नव्हता तिथे अंदाजाने आकडा भरला. चूल आणि जळते घर एकाच रकान्यात मांडावे, तसा हा प्रकार झाला. म्हणूनच बॉयसी येथील राष्ट्रीय अग्निकेंद्राने 1983 पूर्वीचे आकडे नंतरच्यांशी तोलण्याजोगे नाहीत असे ठरवून आपल्या तक्त्यातून काढून टाकले आहेत.

तथापि आकडा उतरला तो केवळ कारकुनीने नव्हे. 1910 च्या ऑगस्टात आयडाहो व मोंटाना या राज्यांत दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर रान भस्म झाले. एड पुलास्की नावाच्या रानरक्षकाने चाळीसेक माणसे एका खाणीच्या बोगद्यात कोंबली आणि बाहेर पळू पाहणाऱ्यांवर पिस्तूल रोखून त्यांना आत धरले. पाच जण गुदमरले, बाकीचे वाचले. एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळ असलेले हत्यार आजही तिथे त्याच्याच नावाने ओळखले जाते. या प्रलयाने जंगलखात्याची एकच प्रतिज्ञा पक्की केली: आग दिसली की विझवायची. 1935 साली तर नियमच झाला, की आज लागलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे.

या विचारात आपल्या देशाचाही थोडा हात आहे. त्या खात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचॉट हे डीट्रिख ब्रँडिस यांना गुरुस्थानी मानीत, आणि हे ब्रँडिस म्हणजे हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल. त्यांच्याच अमदानीत सातपुड्यातल्या बोरीच्या रानात वणवे रोखण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले होते.

वाद घालणारे तेव्हाही होते. अधूनमधून हलकी आग लावावी असे कॅलिफोर्नियात जे म्हणत, त्यांना आदिवासींच्या जमातीचे नाव घेऊन ‘पायूट वनविद्या’ म्हणून हिणवण्यात आले. परंतु झाडे खोटे बोलत नाहीत. आग बुंध्याला चाटून गेली की व्रण राहतो, आणि वर्षागणिक वाढणाऱ्या वलयांत तो व्रण कोणत्या सालचा हे मोजता येते. पश्चिमेकडच्या पाँडेरोसा पाइनच्या पुष्कळ रानांत दर पाचपंचवीस वर्षांनी आग फिरून गेल्याच्या अशा खुणा आहेत. विसावे शतक उजाडताना त्या एकाएकी थांबतात. हॅरल्ड वीव्हर या अधिकाऱ्याने 1943 साली हे उघड लिहिले. त्याचे ऐकायला खात्याला तीन दशके लागली. सकाळी दहाचा नियम सुटला तो 1978 साली.

तोवर रानात काडीकचरा आणि दाट रोपटी साचली होती. सावकाराचे व्याज थांबत नाही, तसे हे देणे वाढत राहिले. वर हवा तापली. 1984 ते 2015 या काळात पश्चिमेकडे जळलेल्या रानापैकी जवळजवळ निम्मे माणसाने केलेल्या तापमानवाढीच्या खात्यावर पडते, असा अबात्झोग्लू व विल्यम्स यांचा 2016 सालचा हिशेब आहे. म्हणजे आजच्या एक कोटीतले पुष्कळ एकर शेंड्यापर्यंत जळणारे आहेत. आणि नुसत्या एकरांनी माणसांचा हिशेब लागत नाही तो नाहीच. 2018 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातले पॅरडाइझ हे गाव ज्या वणव्यात गेले तो दीड लाख एकरांचा, वर्षाच्या बेरजेत क्षुल्लक. पण त्यात 85 माणसे गेली आणि अठरा हजारांवर इमारती गेल्या.

आता दक्षिणेकडे परत जाऊ. फ्लॉरिडात आजही दरसाल सुमारे 20 लाख एकर रान मुद्दाम पेटवले जाते. हवा व वारा पाहून, परवाना घेऊन, जाळरेषा काढून हे काम होते. आग तीच, पाइनही तेच. मात्र पूर्वी जी आग नुकसानीत लिहीत, ती आता वणव्यांच्या तक्त्यात येतच नाही. ती जंगलाची मशागत म्हणून निराळ्या वहीत जाते.