पाचट, काडीपेटी आणि मातीतलं खातं

आजचा भाग पुण्यातून नाही, गावाकडून रेकॉर्ड करतोय. कळंब तालुका, जिल्हा धाराशिव. मधेच कुत्रं भुंकलं तर सांभाळून घ्या, ते घरचंच आहे.

विषय आहे कार्बन चक्र. शाळेत आपण सगळ्यांनीच ती आकृती काढलीय. झाड, गाय, कारखाना आणि गोल फिरणारे बाण. मार्क मिळाले, विषय संपला. माझ्यासाठी तो परत सुरू झाला तीन वर्षांपूर्वी, बांधावर, वडिलांच्या हातातल्या काडीपेटीमुळं.

ऊस तुटून गेला होता. दोन एकरात गुडघाभर पाचट पडलेलं आणि खोडवा ठेवायचा होता. अण्णा म्हणाले, "काडी लावतो, रान मोकळं होतंय." मी म्हटलं, "अण्णा, जाळू नका, सगळा कार्बन हवेत जाईल." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू पुण्याहून गाडीनं आलास ना? ती काय पाण्यावर चालती व्हय?"

मी क्लीन बोल्ड! इंजिनिअर असून उत्तर नव्हतं. त्या रात्री मोबाईल घेऊन वाचत बसलो, आणि कळलं की अण्णा निम्मे बरोबर होते.

बघा, कार्बनची दोन खाती समजा. एक बचत खातं, रोजच्या व्यवहाराचं. ऊस हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याची साखर आणि पानं बनवतो. पाचट कुजो नाहीतर जळो, तो कार्बन हवेत परत जातो. आज काढले, उद्या भरले. दुसरं खातं म्हणजे मुदत ठेव. कोळसा आणि खनिज तेल. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. आपल्या देशातल्या अशा केंद्रांत जळणारा बहुतेक कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या झाडांचा आहे. ती एफडी आपण दोनशे वर्षांत मोडत सुटलोय.

त्याचा परिणाम मोजलेला आहे. कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० कण होते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं १९५८ साली हवाई बेटावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर आहेत. आपण सोडतो त्यातला निम्मा भाग समुद्र आणि जमीन शोषून घेतात. उरलेला निम्मा हवेतच साचतो आणि उष्णता अडवून धरतो. आणि गंमत बघा, २०१३ च्या दुष्काळात परळीचे संच बंद ठेवावे लागले. का? पाणीच नव्हतं. कोळसा होता, पण वाफ करायला पाणी नाही!

म्हणजे पाचटाचा धूर आणि कोळशाचा धूर एकच नाही. मग पाचट जाळायला हरकत काय? हरकत आहे, कारण तिसरं खातं राहिलं. माती.

जगातल्या मातीत हवेपेक्षा जास्त कार्बन आहे, सगळ्या झाडाझुडपांचा मिळवूनही मातीचाच जास्त भरतो. आपली काळी माती बनली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून. त्या ज्वालामुखींनी भरपूर कार्बन डायऑक्साइड ओकला, आणि तोच बेसॉल्ट झिजताना पावसात विरघळलेला कार्बन हळूहळू पकडत गेला. नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे निघतात ना? त्यातसुद्धा कार्बनच अडकलेला आहे.

पण पिकाला लागतो तो सेंद्रिय कर्ब. २०१५ पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देतं, त्यात हा आकडा असतो. आमच्या पत्रिकेत ०.३८ टक्के होता. ०.५ च्या खाली म्हणजे कमी. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आजोबांच्या काळी दावणीला आठ जनावरं होती, आता एक म्हैस आहे. शेणखत कमी, नांगरट जास्त, आणि उरलंसुरलं काडीपेटीला.

मग मी हिशोब मांडला. एक एकराचा वरचा वीतभर थर म्हणजे ढोबळमानानं ८०० टन माती. त्यात कर्ब ०.१ टक्क्यानं वाढला तर ८०० किलो कार्बन जमा. म्हणजे जवळपास २.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहिला. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो निघतो. म्हणजे साडेबाराशे लिटर पेट्रोल!

सकाळी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पेट्रोलचं राहू दे, रानाला काय मिळतंय ते सांग." बरोबर प्रश्न होता. कर्ब वाढला की माती पाणी धरून ठेवते, खत धुऊन जात नाही. शेवटी तोड निघाली. एक एकर त्यांचा, एक एकर माझा. त्यांनी काडी लावली. मी पाचटाची कुट्टी करून घेतली, सरीत दाबली, वर युरिया आणि कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं. कुट्टीच्या मशीनचं भाडं माझ्या पगारातून गेलं, हेही सांगतो. ज्याला पगार नाही त्यानं काडी लावली तर त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही.

आकडा लगेच हलत नाही. पाचटातला बराचसा कार्बन जिवाणूच खाऊन परत हवेत सोडतात, थोडाच मातीत टिकतो. पण दुसऱ्या उन्हाळ्यात एक झालं. अण्णांचा फोन आला, "तुझ्या एकराला पाणी चार दिस उशिरा द्यावं लागतंय." एवढंच बोलून ठेवला.

गेल्या वर्षी त्यांच्या एकरातही काडी लागली नाही. माझ्या गाडीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. या वेळी एसटीनं आलोय, एवढंच.

उद्या दोन्ही एकरांची माती तपासायला देतोय. आकडा वाढला नसला तरी पुढच्या भागात सांगेन. तुमच्या घरी ती पत्रिका कपाटात पडली असेल, तर काढा, सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू!