जुन्या चांदीची पारख



आपल्यांपैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें आज अमेरिकेंत आहेत. त्यांच्याकडे महिना दोन महिने राहून आलेल्या मंडळींनीं ‘गॅरेज सेल’ हा प्रकार पाहिला असेल. घर बदलतांना, किंवा घरांतील वडील माणूस वारल्यावर, नको असलेलें सामान मोटारीच्या खोलींत अथवा अंगणांत मांडतात, त्यावर किमतीच्या चिठ्या चिकटवितात, आणि सुटीच्या दिवशीं सकाळीं शेजारीपाजारी तें घेऊन जातात. कपबशा, खेळणीं, जुनीं पुस्तकें यांच्या राशींत एखादा काळवंडलेला चमचा पडलेला असतो. तो कशाचा आहे हें विकणाऱ्यास ठाऊक नसतें, आणि पुष्कळदां घेणाऱ्यासहि नसतें. तो ओळखावा कसा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

इंग्रज ज्याला ‘स्टर्लिंग’ म्हणतात त्या चांदींत हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी असते. उरलेले ७५ भाग बहुधा तांबें. आपल्या सराफाच्या भाषेंत साडेब्याण्णव टंच. आपण सराफाच्या शब्दावर विसंबतों. इंग्लंडांत मात्र १३०० सालीं, पहिल्या एडवर्ड राजाच्या वेळीं, असा कायदा झाला कीं माल तपासून त्यावर बिबळ्याच्या मस्तकाचा छाप उमटविल्यावांचून तो विकूं नये. पुढें हें काम लंडनच्या सोनारांच्या सभागृहांत, म्हणजे ‘हॉल’मध्यें, होऊं लागलें, ‘हॉलमार्क’ हा शब्द तेथूनच निघाला.

हे छाप एकट्यानें वाचावयाचे नसतात, ओळीनें वाचावयाचे असतात. पहिला पाहावा तो चालता सिंह, पुढचा एक पाय उचललेला. हा १५४४ पासूनचा; तो दिसला कीं धातूबद्दलची शंका बव्हंशीं फिटली. दुसरा छाप गांवाचा. बिबळ्याचें मस्तक लंडनचें, नांगर बर्मिंगहॅमचा (शेताचा नव्हे, जहाजाचा), आणि मुकुट शेफील्डचा. मात्र १९७५ पासून शेफील्डनें मुकुट सोडून गुलाब घेतला. बर्मिंगहॅम समुद्रापासून दूर असून त्याला नांगर कां, हें मला नेहमीं गंमतीचें वाटतें! तिसरें एक अक्षर. तें वर्ष सांगतें. पण तेंच अक्षर पुन्हा पुन्हा येतें, म्हणून त्याचें वळण आणि भोंवतालच्या चौकटीचा आकार पाहून कोष्टकाशीं ताडावें लागतें. चौथीं कारागिराच्या नांवाचीं आद्याक्षरें. यांखेरीज राजाचें किंवा राणीचें डोकें दिसल्यास तो बहुधा जकातीचा छाप. तो १७८४ पासून १८९० पर्यंतच होता. म्हणजे अक्षर न लागलें तरी काळाची चौकट हातीं लागते.

अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं अशीं सरकारी तपासणीचीं ठाणीं नव्हतीं. तेथील मालावर ‘स्टर्लिंग’ हा शब्दच कोरलेला असतो. त्याहून जुन्या कांहीं वस्तूंवर ‘कॉइन’ असें असतें. ती चांदी सुमारें नव्वद टंच, म्हणजे नाण्याच्या कसाची.

आतां फसगतीकडे वळूं. १८४० मध्यें एल्किंग्टन यांनीं विजेनें मुलामा चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून मुलाम्याच्या मालाचा पूर लोटला. त्यावर ‘ई, पी, एन, एस’ हीं चार अक्षरें वेगवेगळ्या चौकटींत, वळणदार लिपींत ठोकतात. घाईंत पाहणाऱ्यास तीं हॉलमार्कच वाटतात. आंतला धातु तांबें, जस्त व निकेल यांचा. त्यालाच ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात आणि त्यांत चांदी औषधालाहि नसते. चमच्याच्या टोंकाशीं किंवा किटलीच्या कडेला पिवळट वा तांबूस झांक दिसली तर मुलामा झिजला असें समजावें. लोहचुंबकाचा उपयोग नकारापुरताच. चिकटलें तर चांदी नव्हे, पण पितळहि चिकटत नाहीं.

मला सर्वांत भरंवशाची वाटते ती आर्किमिडीजची रीत. दशांश ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि चमचा दोऱ्यानें त्यांत पूर्ण बुडवून लोंबता धरा. तळाला टेकूं देऊं नका. चमचा ५२ ग्रॅमचा असेल आणि काटा ५ ग्रॅमनें वाढला तर स्टर्लिंग. ६ ग्रॅमनें वाढला तर जर्मन सिल्व्हर. शाळेंत शिकलेलें असें बाजारांत उपयोगी पडतें. मात्र सुऱ्यांच्या मुठींना व मेणबत्तीच्या दिवट्यांना ही रीत लागू नाहीं. त्यांच्या पोटांत राळ किंवा सिमेंट भरलेलें असतें.

एक जुनी लबाडीहि सांगून ठेवतों. जकात चुकविण्यासाठीं कांहीं कारागीर लहान वस्तूवरील छाप कापून मोठ्या भांड्याच्या बुडास जोडीत. त्या जागीं तोंडाची वाफ सोडावी; पुष्कळदां डाकाची रेघ क्षणभर उमटते.

हें सारें कळल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो धातूचा नाहीं. नवरा नुकताच वारलेली एखादी बाई चांदीचा पेला दोन डॉलरला विकत आहे, त्यावर कुणा मुलाचें नांव व जन्मतारीख कोरलेली आहे. तिला सांगावें कीं नाहीं? व्यापाऱ्यानें स्वतः किंमत ठरविली असेल तर गुपचूप घेण्यांत मला दोष दिसत नाहीं; किंमत जाणणें हा त्याचा धंदाच आहे. पण या बाईला छाप दाखवावा असें माझें मत आहे. कित्येक जण यास भाबडेपणा म्हणतील, म्हणोत.

घेतलेली वस्तु आटविण्यास मात्र देऊं नये. १९८० च्या आरंभीं चांदीचा भाव भडकला तेव्हां कितीतरी जुनीं भांडीं मुशींत गेलीं, आणि त्यांबरोबर कारागिरांचीं अक्षरेंहि. घरीं आणल्यावर कोमट पाणी व साधा साबण लावून मऊ फडक्यानें पुसावें. राखेनें किंवा चिंचेनें घासूं नये, आणि जेथें सिंह आहे तेथें तर हात हलकाच ठेवावा.